ध्यास आणि नाद

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पाटणकर बाजार आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला नसेल; पण नाव ऐकताच तो परका वाटणार नाही. शिंद्यांच्या मागोमाग जी मराठी कुळे उत्तरेत गेली व तेथेच रुजली, त्यांचा ठसा त्या शहरातील वाड्यांवर, गल्ल्यांवर आणि नावांवर अजून आहे. अशा बाजारातून सायंकाळी पाठीवर बॅटची लांब पिशवी अडकवलेला एखादा मुलगा सायकलवरून घाईघाईने जाताना दिसला, तर त्यात नवल ते काय? कऱ्हाडात, सोलापुरात, नाशकातही हेच दृश्य आहे. त्या मुलाकडे पाहून शेजारचा दुकानदार कौतुकाने म्हणतो, "पोराला खेळाचं भारी वेड आहे हो!" आमचा प्रश्न या वाक्यापासून सुरू होतो. हे वेड चांगले की वाईट? की वेडावेडांतही काही भेद आहे?

हा प्रश्न ग्वाल्हेरातच मांडावा यास एक कारण आहे. त्या शहरात कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे क्रीडांगण आहे. रूपसिंग म्हणजे हॉकीचे महान खेळाडू ध्यानचंद यांचे धाकटे बंधू. ते ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते, ग्वाल्हेरातच राहिले आणि १९७७ साली तेथेच वारले. मुळात हॉकीचे असलेले हे मैदान पुढे क्रिकेटचे झाले, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा काढल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात तोवर कोणीही द्विशतक केले नव्हते. त्यांचे वय तेव्हा ३६ होते. चेंडू लागले १४७. दुसऱ्या टोकाला धोनी सपाटून फटके मारीत होता. प्रेक्षक मात्र सचिनच्या वाट्याला चेंडू यावा म्हणून तळमळत होते. शेवटच्या षटकात एक साधी धाव काढून ते दोनशेवर पोहोचले. ज्यांनी ती खेळी पाहिली त्यांना आठवत असेल, की तीत कसलीही ओढाताण नव्हती. माणूस आपल्या घरच्या अंगणात वावरतो तसे ते खेळत होते.

आता दुसरा एक दिवस पाहू. १६ मार्च २०१२, ठिकाण ढाक्यातील मीरपूर, समोर बांगलादेशाचा संघ. त्या दिवशी तेंडुलकरांनी ११४ धावा काढल्या आणि त्यांची आंतरराष्ट्रीय शतकांची संख्या शंभर झाली. चेंडू किती लागले? तेही १४७! नव्व्याण्णवावे शतक १२ मार्च २०११ रोजी नागपुरात झाले होते. मधले एक वर्ष आणि चार दिवस सारा देश त्यांच्याकडे एकच गोष्ट मागत होता. एकदा ते ९१ वर बाद झाले, एकदा ९४ वर, आणि दोन्ही वेळा लोकांनी शोक केला. शतक झाल्यावर ते जे बोलले त्याचा आशय असा, की जेथे जावे तेथे, उपाहारगृहात असो की हॉटेलच्या खोलीत, जो तो शंभराव्या शतकाविषयीच बोले. आणि आता अंगावरचे पन्नास किलो वजन उतरल्यासारखे वाटते. भारत तो सामना हरला. शतक जवळ येताना धावांची गती मंदावली अशी टीकाही झाली.

तोच मनुष्य, तीच बॅट, तेवढेच चेंडू. मग एका दिवशी पंख आणि दुसऱ्या दिवशी पन्नास किलोंचे ओझे, हे कसे? वय, खेळपट्टी, समोरचे गोलंदाज ही कारणे आहेतच, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु आणखी एक कारण आहे, ते मनाच्या आत आहे, आणि त्याचा संबंध केवळ मोठ्या खेळाडूंशी नाही.

आपल्या मराठी भाषेने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे असे आम्हांस वाटते. छंद आपण 'जोपासतो'. ध्यास आपण 'घेतो'. नाद मात्र आपल्याला 'लागतो', वेड 'लागते', व्यसन 'जडते'. पहिल्या दोहोंत कर्ता माणूस आहे. पुढच्या तिहींत माणसाला काहीतरी झाले आहे, जसा ताप येतो तसे. एखादा चिकित्सक वाचक म्हणेल की छंदही लागतो आणि ध्यासही लागतो. खरे आहे, भाषा काही तराजू नव्हे. शिवाय कोल्हापूरकडची मंडळी 'नादखुळा' हा शब्द स्तुती म्हणून वापरतात, त्यांचा रोष आम्ही ओढवून घेऊ इच्छीत नाही! तरी पण 'ध्यास घेतला' आणि 'नादी लागला' ही दोन वाक्ये ऐकली की आईच्या चेहऱ्यावर दोन निरनिराळे भाव उमटतात, एवढे तर कोणीही मान्य करील.

इंग्रजीत या साऱ्यांना 'पॅशन' हा एकच शब्द लावतात, आणि गंमत अशी की आपल्या प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्यालाही तोच शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील 'सोसणे' या अर्थाच्या धातूत आहे. म्हणजे त्या शब्दाच्या मुळाशी, मनुष्य जे करतो ते नसून त्याच्यावर जे ओढवते, ते आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या एका शब्दाची दोन टोके वेगळी करून दाखवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखाद्या गोष्टीवर आपले प्रेम असते, ती आपल्याला महत्त्वाची वाटते, तिच्यासाठी आपण वेळ आणि शक्ती खर्च करतो आणि ती आपल्या ओळखीचा भाग बनते; हे दोन्ही प्रकारांत समान आहे. भेद येथे, की पहिल्या प्रकारात ती गोष्ट माणसाने मोकळेपणाने आपलीशी केलेली असते, म्हणून ती घर, अभ्यास, मैत्री, उपासना यांच्याशी गुण्यागोविंदाने नांदते. दुसऱ्या प्रकारात तिला काही अटी चिकटलेल्या असतात. 'मी जिंकलो तरच मी कोणीतरी', 'खेळलो तरच लोक मला विचारतील' अशा त्या अटी. मग ती गोष्ट सोडवत नाही, कारण ती सोडणे म्हणजे स्वतःला हरवणे. पहिल्यास आम्ही ध्यास म्हणू, दुसऱ्यास नाद.

या भेदाचे परिणाम केवळ मनात राहत नाहीत, ते हाडामांसात उतरतात. कॅनडात हिवाळ्यात रस्ते बर्फाने निसरडे होतात आणि सायकल चालवणे जिवावरचे ठरते. व्हॅलरँड यांच्या पाहणीत असे दिसले, की ज्यांचे सायकलप्रेम नादाच्या जातीचे होते तेच त्या निसरड्या रस्त्यांवरही सायकल काढीत; ध्यासवाले वसंताची वाट पाहत. नृत्य शिकणाऱ्यांच्या एका अभ्यासात नाद असलेल्यांच्या दुखण्याखुपण्यांनी कायमचे घर केलेले आढळले, कारण दुखत असतानाही त्यांना थांबवत नव्हते. बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या अभ्यासात नादवाले अधिक आक्रमक निघाले. विशेषतः त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेतली गेली की ते प्रतिस्पर्ध्यावर चवताळत. यात आश्चर्य नाही. ज्याची सारी किंमत धावफलकावर लिहिलेली आहे, त्याला समोरचा खेळाडू हा खेळातला सोबती न वाटता आपल्या घरात शिरणारा चोर वाटणार.

येथे पुन्हा रूपसिंग आठवतात. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. त्यात ध्यानचंदांचे आठ गोल होते आणि धाकट्या रूपसिंगांचे दहा. एका आघाडीत दोघे भाऊ, आणि धाकटा थोरल्याच्या पुढे! नादाच्या पोटी येथे भाऊबंदकी जन्मली असती. आपल्या इतिहासात भाऊबंदकीला यापेक्षा लहान कारणेही पुरली आहेत. पण ध्यानचंद रूपसिंगांना आपल्यापेक्षा सरस म्हणत असे सांगतात, आणि १९३६ साली बर्लिनमध्ये दोघे पुन्हा एकाच आघाडीत उभे राहून अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवून आले.

आमच्या तरुण संघातील कोणी येथे हात वर करील, आणि त्याने करावाच. तो विचारील, "अहो, पण वेड लागल्याशिवाय कोणी मोठा झाला आहे काय? गुण्यागोविंदाने नांदणारा छंद गल्लीत ठीक. ऑलिंपिकला वेडच लागते." हा आक्षेप हलका नाही. अभ्यासकही सांगतात की सराव दोन्ही प्रकारचे लोक करतात, कसून करतात, आणि सरावामुळे दोघांचीही प्रगती होते. तेव्हा नाद लागलेला मनुष्य जिंकतच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तो जिंकतो, कधी कधी पुष्कळ जिंकतो. म्हणून आम्ही हा प्रश्न यशाच्या मापाने सोडवू पाहत नाही. पण 'मोठा होण्यासाठी दुसरी वाटच नाही' हे मात्र खरे नव्हे.

साताऱ्याजवळच्या कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. १९४८ साली लंडनला ते प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरले. आयुष्य मातीत गेलेल्या मल्लाला गादीवर कुस्ती खेळावी लागली. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावानेही वर्गणी दिली. खाशाबांनी तेथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळावयास हवी होती, पण ती मागण्यास जवळ कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगतात. परत आल्यावर एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग? मग त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे कर्ज फेडण्यास हातभार लावला. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि पुढची कैक वर्षे नोकरी केली. सरकार-दरबारी त्यांची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. १९८४ साली ते अपघातात वारले आणि अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा, मरणोत्तर.

ध्यास कमी पडला असे या मनुष्याविषयी कोण म्हणेल? परंतु पदक मिळाल्यावर ज्याला पहिल्याने गुरुजनांच्या घराचे गहाणखत आठवते, त्याच्या जीवनात कुस्तीखेरीज इतर गोष्टींनाही जागा होती हे उघड आहे. त्याची कुस्ती इतकी मोठी होती की तिच्यात कृतज्ञता मावली. नादाची खूण नेमकी उलटी असते. नादात बाकीच्या सर्व गोष्टी, आई, बहीण, अभ्यास, दिलेला शब्द, एकेक करून दाराबाहेर जातात.

हा नाद येतो कोठून? सर्वसाधारण समज असा, की तो त्या मुलाच्या स्वभावातच असतो. आम्हांस तसे वाटत नाही. पुष्कळदा तो बाहेरून ओतला जातो. तेंडुलकरांचे ते वर्ष पाहा. शंभराव्या शतकाचा नाद त्यांना लागला होता की आपल्याला? शतकांची ती बेरीज कसोटी आणि एकदिवसीय असे दोन निरनिराळे प्रकार एकत्र करून केलेली होती. पूर्वी कोणी तिची फारशी विचारपूसही करीत नसे. आपण ती केली, आपण ती रोज मोजली आणि मग ती एका माणसाच्या खांद्यावर ठेवून दिली. प्रेक्षकाचे प्रेमही दोन जातींचे असते, हे आपण विसरतो. ऑगस्टिनने आपल्या 'कबुलीजबाबा'त अलिपियस नावाच्या मित्राची हकीकत सांगितली आहे. त्याला रोममध्ये सोबत्यांनी बळेच आखाड्यातील रक्ताचा खेळ पाहण्यास ओढून नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. पण लोकांचा एक प्रचंड कल्लोळ कानी पडताच त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणापासून तो त्या खेळाच्या स्वाधीन झाला. पुढे तो इतरांना घेऊन जाऊ लागला. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही हकीकत आहे, पण एखाद्या झेल सुटलेल्या खेळाडूला आज घरबसल्या ज्या शिव्या दिल्या जातात त्या वाचल्या म्हणजे ती फार जुनी वाटत नाही.

प्रेक्षक तरी लांब असतात; आईबाप जवळ असतात. येथे आम्ही जरा रेंगाळणार आहो, कारण हा अंक वाचणाऱ्यांत आईबापच अधिक. असे घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचे आहे, जेथे सामना जिंकून आलेल्या मुलाला गोड शिरा मिळतो आणि हरून आलेल्याला अबोला. कोणी मारीत नाही, रागे भरत नाही; फक्त त्या रात्री ताट वाढताना कोणी बोलत नाही. मूल बुद्धिमान असते. ते दोन-तीन सामन्यांतच हिशेब शिकते, की या घरात प्रीतीला किंमत पडते आणि ती किंमत मैदानावर मिळवावी लागते. त्यानंतर ते खेळते ते चेंडूशी नव्हे, त्या अबोल्याशी. बाहेरचे म्हणतात, काय पण जिद्द आहे पोराची! वडिलांनी पगारातून शिकवणीचे, बुटांचे, प्रवासाचे पैसे काढलेले असतात; आईने पहाटे चारला उठून डबे भरलेले असतात. त्यांचा त्याग खरा असतो, यात संशय नाही. म्हणूनच तो फेडता न येणारे कर्ज होऊन मुलाच्या उरावर बसतो. वाद्य शिकू लागलेल्या शाळकरी मुलांची पाहणी कॅनडातील अभ्यासकांनी केली, तेव्हा आढळले की जेथे वडीलधाऱ्यांनी मुलाला मोकळीक दिली तेथे ध्यास वाढला, आणि जेथे त्यांच्याच इच्छेचा दाब होता तेथे गोडी लागली तरी ती नादाच्या वळणावर गेली. घराण्याच्या गायकीबद्दल नावाजलेल्या ग्वाल्हेरकरांना रियाजाची गोष्ट नव्याने सांगावयास नको. हाताखालच्या शिष्याला गाणे आवडते आहे की तो गुरूला घाबरतो आहे, हे जाणत्या कानाला तंबोरा लागण्यापूर्वीच कळते.

याउलट एक बाप पाहा. रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मुलाची बॅट घरातल्या पुस्तकांच्या कपाटाशी काही नाते सांगणारी नव्हती. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाच्या भाषणात सचिननी वडिलांविषयी जे सांगितले ते अनेकांनी ऐकले असेल: अकराव्या वर्षी त्यांनी आपल्याला मोकळीक दिली, स्वप्नांच्या मागे जा पण आडवाटेने जाऊ नको असे बजावले आणि सर्वांत आधी चांगला माणूस हो असे सांगितले. शिस्त नव्हती काय? होती. शिवाजी पार्कवर आचरेकर सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि कोणीच न केल्यास सचिनचे. अशी तेरा नाणी त्यांनी जपून ठेवली आहेत. कडक मेहनत आणि मोकळीक यांचे वैर नाही, हे या तेरा रुपयांवरून ध्यानात यावे. नाणे हरले तर एक रुपया जाई. घरातली जागा जात नसे.

ध्यास आणि नाद यांची पारख खेळ चालू असताना होत नाही. दोघेही सारखेच धावतात, घामही सारखाच येतो. पारख होते ती खेळ थांबतो तेव्हा. गुडघा निकामी होतो, निवड समितीच्या यादीत नाव नसते, परीक्षा येते, वय होते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुष्टियुद्ध तेथेच संपले. हात मात्र शाबूत होते. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहण्यास सुरुवात केली. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. आणि १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, शेहेचाळीस वर्षांनी. ज्याचे प्राण 'मुष्टियोद्धा' या एका नावातच अडकले असते, तो त्या रुग्णालयाच्या खाटेवर उरला असता. पेटकरांचे प्रेम एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतता आले. सगळ्यांना ते जमत नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांना दोष देण्यास आम्ही धजत नाही. लहानपणापासून कोणी त्यांना दुसरे भांडेच दाखवलेले नसते.

आता थोडे मंडळीविषयी. आपल्या जुन्या पाळकांपैकी काहींनी खेळाला वेळेचा अपव्यय मानले, आणि तरुणांनी त्यांचे ऐकले नाही ते बरेच झाले. पौलाला खेळाचे वावडे नव्हते. करिंथ शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे सामने भरत, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो धावणाऱ्याचा व मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो, तो तुच्छतेने नव्हे. त्यांचे इंद्रियदमन त्याला अनुकरणीय वाटते. फक्त त्यांच्या मुगुटाकडे बोट दाखवून तो कोमेजणारा आहे एवढे सांगतो. इस्थमियाचा मुगुट खरोखरच पानाफांद्यांचा असे. घरी नेईपर्यंत सुकत असे. पौलाने धावण्यास मनाई केली नाही. मुगुटाचे वय सांगितले. आज मात्र आपण दुसऱ्या टोकाला गेलो आहो. निवड चाचण्या आणि सामने रविवारी सकाळी असतात, आणि पुष्कळ घरांत याची चर्चाही होत नाही. चर्चा व्हावी असे आमचे म्हणणे आहे. निर्णय काय घ्यावा हे आम्ही येथून ठरवून देणार नाही. पण ज्या खेळासाठी 'आज नाही' हा शब्द घरात कोणालाही, कोणत्याही कारणाने, उच्चारता येत नाही, त्या खेळाविषयी सावध असावे.

'आज नाही' म्हणणाऱ्यांत एरिक लिडल याचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वपरिचित आहे, आणि त्याच्यावरील चित्रपटही १९८१ पासून अनेकांनी पाहिला आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर ही त्याची मुख्य शर्यत. तिची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून तो धावला नाही. चारशे मीटरमध्ये धावला आणि ४७.६ सेकंदांचा विक्रम करून जिंकला. ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेत सांगतो आणि येथेच थांबतो, जणू देवाने नकाराबद्दल सुवर्णपदकाचे बक्षीस दिले! आमच्या मते ती गोष्ट अशी सांगू नये. तो चारशे मीटर हरला असता तर काय त्याचा निर्णय चुकीचा ठरला असता? त्याचे धावणे त्याच्या हाती होते हे त्या रविवारीच दिसले, शर्यत लागण्यापूर्वीच. पुढच्याच वर्षी, कीर्ती ताजी असता, तो ज्या चीन देशात जन्मला होता तेथे शिक्षक व मिशनरी म्हणून निघून गेला.

त्याच्या आयुष्यातील याहून मोठी गोष्ट त्या चित्रपटात नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या छावणीत कोंडले. तेथे आईबापांपासून ताटातूट झालेली शेकडो शाळकरी मुले होती. लिडल त्यांना शिकवी, त्यांचे सामने घेई, मोडलेल्या हॉकीच्या काठ्या दुरुस्त करून देई. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्याचा नियम तेथेही होता. एका रविवारी मुलांनी आपणच हॉकीचा सामना मांडला. पंच नसल्याने मारामारी झाली. त्यावर लिडल काही दिवस विचार करीत राहिला. पॅरिसमध्ये राजेरजवाडे आणि वर्तमानपत्रे यांच्या दडपणाने जो नियम मोडला नव्हता, तो त्याने त्या मुलांसाठी बाजूस ठेवला, आणि पुढच्या रविवारी शिटी घेऊन मैदानात उभा राहिला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतील गाठीने तो छावणीतच वारला. ऑगस्टमध्ये ती मुले मुक्त झाली, आणि त्यांपैकी अनेकांनी म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत पदकापेक्षा त्या हॉकीच्या काठ्यांविषयी अधिक आहे.